जहाजावरून दिसलेलं अझेमूर

१५७२ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात एक जाडजूड ग्रंथ छापून निघाला. नाव लॅटिन, 'सिविटातेस ऑर्बिस टेरारुम', म्हणजे जगातली शहरं. संपादक गेओर्ग ब्राउन हा तिथला धर्मोपदेशक. तांब्याच्या पत्र्यांवर चित्रं कोरण्याचं काम मुख्यतः फ्रान्स होगेनबर्गचं. दोनच वर्षांपूर्वी अब्राहम ऑर्टेलियसने जगाच्या नकाशांचा मोठा संग्रह काढला होता आणि तो हातोहात खपला होता. त्याला जोड म्हणून शहरांचा संग्रह काढावा, असा हा बेत. तो इतका जमला की १६१७ पर्यंत सहा खंड निघाले आणि पाचशेहून जास्त शहरदृश्यं त्यांत जमा झाली.

पहिल्या खंडातल्या एका पानावर मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावरची दोन तटबंद बंदरं आहेत. एक अन्फा, म्हणजे आजचं कासाब्लांका. दुसरं अझेमूर, लॅटिन रूपात 'अझामुरुम'. आणि त्यांच्याच पंगतीला, जणू एकाच जिल्ह्यातली गावं असावीत अशा थाटात, दीव आणि गोवा.

मराठी माणसाची नजर आधी गोव्याकडे जाणार, माझीही गेली. गोव्याच्या चित्रावर लॅटिनमध्ये जे लिहिलंय त्याचा आशय असा, की हे भारतातलं अत्यंत बळकट शहर १५०९ साली ख्रिश्चनांच्या ताब्यात आलं. साल चुकलेलं आहे. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला तो १५१० मध्ये. आधी वर्षाच्या सुरुवातीला घेतला, मग गमावला, आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा जिंकला. १५०९ हे साल खरं तर दीवच्या समुद्रातल्या लढाईचं. कोलोनमध्ये बसून कोरीवकाम करणाऱ्याला हा फरक कोण सांगणार? चूक तांब्यात कोरली गेली आणि पत्रा टिकला तोवर छापत राहिली.

पान तसं मोठं, साधारण तेहेतीस सेंटिमीटर उंच आणि अठ्ठेचाळीस रुंद, मधोमध घडी. मूळ प्रत हातात आली तर ती बोटांनाही ओळखू येते. पत्रा दाबला गेला त्याची चौकट कागदावर खोलगट उमटलेली असते. पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं, शाई चोळून रेघांत भरायची, वरची पुसून टाकायची, ओलसर केलेला कागद त्यावर ठेवून रुळांखालून काढायचा. रंग मागाहून, हाताने, ब्रशने. त्यातला हिरवा रंग तांब्याच्या गंजापासून केलेला असल्यामुळे तो कागद खातो. जुन्या प्रतींमध्ये टेकड्या आणि झाडं आहेत तिथेच पाठीमागून तपकिरी डाग दिसतात, कधी कागद तडकलेला असतो. पाठीवर लॅटिन मजकूर असतो, पुढच्या आवृत्त्यांत जर्मन किंवा फ्रेंच. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या नकलांना ना ती खोलगट चौकट असते ना पाठीवरचा मजकूर.

ब्राउनचा एक विचार मात्र मला फार मौजेचा वाटतो. ग्रंथातल्या अनेक चित्रांत त्याने पुढच्या बाजूला त्या त्या गावच्या पोशाखातली माणसं उभी केली आहेत. प्रस्तावनेत कारण दिलं आहे, की माणसांची चित्रं असली म्हणजे तुर्क लोक हे पुस्तक हाती धरणार नाहीत, त्यांच्या धर्मात चित्रं वर्ज्य आहेत, आणि मग युरोपातल्या शहरांची माहिती शत्रूला मिळणार नाही. त्याच्या आधी जवळजवळ पन्नास वर्षं पिरी रईस या तुर्की दर्यावर्द्याने भूमध्य समुद्रातल्या बंदरांच्या नकाशांचा अख्खा ग्रंथ सुलतानाला अर्पण केला होता, हे बिचाऱ्याच्या कानावर नसावं.

चारही चित्रांत पुढे पाणी आहे, पाण्यात जहाजं, आणि त्यामागे तट. म्हणजे पाहणारा जहाजावर उभा आहे. ही चित्रं पोर्तुगीजांकडून आलेल्या जुन्या रेखाटनांवरून झाली असावीत, असं अभ्यासक मानतात, आणि चार जागांच्या या निवडीकडे पाहिल्यावर ते पटतं. मोरोक्को, गुजरात आणि कोकण यांना एका पानावर बसवणारा दुसरा धागा नाही. डेकवरून दिसतं तेवढंच चित्रात आलं आणि तोफेचा गोळा पोचतो तेवढंच राज्य हाती आलं. तटामागचा मुलूख, त्याची नदी, त्याचं धान्य, त्याचा दुष्काळ यांना पानावर जागा नाही. मला त्याच गोष्टी पाहायच्या होत्या.

कासाब्लांकाहून एल जदीदाला जाणारी रेल्वे अझेमूरला थांबते. प्रवास तासाभराचा, सपाट शेतीतून. दुक्काला हा प्रदेश गव्हाचा आणि घोड्यांचा म्हणून पूर्वीपासून प्रसिद्ध. खिडकीतून दिसतात ती लांबच लांब शेतं, निवडुंगाची कुंपणं, प्लास्टिकच्या कागदाखालचा भाजीपाला. माझ्याबरोबर आलेल्या मैत्रिणीला फ्रेंच येतं, त्यामुळे आमचं निभावलं. मोरोक्कोत फ्रेंचवर शहरांत सगळं चालतं, लहान गावांत निम्मं.

अझेमूर पाहायचं तर आधी गावात शिरू नये. नदीच्या पुलावर जावं. उम्म अर-रबिया ही मध्य अ‍ॅटलास डोंगरांतून निघून पाचशेहून जास्त किलोमीटर वाहत येणारी नदी इथून अगदी जवळ समुद्राला मिळते. गाव डाव्या काठावर उंचावर बसलेलं आहे. पुलावरून पाहिलं की पांढऱ्या-करड्या भिंतींची ओळ, मध्येच पुढे आलेले चौकोनी आणि गोल बुरूज, आणि भिंतीवरच चढवलेली घरं दिसतात. छापील पान समोर धरलं की ठेवण ओळखू येते. मात्र जहाजं उभी होती त्या जागी गुडघाभर गवत आणि दोन-तीन निळ्या होड्या.

या नदीत पूर्वी एक मासा येत असे. स्थानिक नाव शाबेल, युरोपातलं शॅड. आपल्याकडचा पाला, बंगालचा इलिश, त्याच कुळातला हा. समुद्रात वाढायचं आणि अंडी घालायला नदीत वर चढायचं, ही रीतही तीच. चवीला तेलकट, काटे बारीक आणि भरपूर. अझेमूरची श्रीमंती या माशावर उभी होती. पोर्तुगीज व्यापारी आधी आले ते मासा, गहू, घोडे आणि लोकरीची कापडं घ्यायला. १४८६ मध्ये गावाने पोर्तुगालचा राजा दुसरा जोआंव याचं मांडलिकत्व पत्करलं तेव्हा वार्षिक खंडणी ठरली ती नाण्यांत नव्हे, दहा हजार शाबेल माशांत! ग्रानाडात जन्मलेला आणि फेसमध्ये वाढलेला हसन अल-वझ्झान, ज्याला युरोप लिओ आफ्रिकानस म्हणून ओळखतो, त्याच्या आफ्रिकावर्णनातही अझेमूर म्हटल्यावर या माशाचा विषय येतोच.

काठावर एक म्हातारबुवा जाळं दुरुस्त करत होते. मैत्रिणीने त्यांना अल-हाज म्हणून हाक मारली. वडीलधाऱ्या पुरुषाला इथे असंच म्हणतात, हज केली असो वा नसो. शाबेल मिळतो का, म्हणून विचारलं. ते हसले. "माझ्या वडिलांच्या ताटात होता," म्हणाले, "माझ्या ताटात सार्डिन." नदीवर फ्रेंच अमलात पहिलं धरण झालं १९२० च्या दशकाच्या शेवटी, समुद्रापासून फार दूर नाही अशा जागी. पुढे वर आणखी धरणं झाली. त्यांतल्या अल मसीरा धरणाने दुक्कालाची शेती भिजवली, शहरांना पाणी दिलं. वर चढायची वाटच बंद झाल्यावर मासा संपला. अलीकडच्या सलग अवर्षणाच्या वर्षांत तर प्रवाह इतका क्षीण झाला की मुखाशी वाळूचा बांध साचून नदीचं पाणी समुद्रापर्यंत पोचेनासं झालं. बुवांनी हातानेच दाखवलं, इथे पाणी, तिथे समुद्र, मध्ये वाळू. मग पुन्हा जाळ्यात डोकं घातलं.

खंडणीवर काम भागलं तोवर ठीक होतं. मग गावच्या अधिपतीने ती नाकारली आणि १५१३ च्या ऑगस्टमध्ये ब्रागांझाचा ड्यूक जाइमे शेकडो जहाजांचं आरमार घेऊन लिस्बनहून निघाला. सप्टेंबरच्या सुरुवातीला अझेमूर पडलं. लढाई फारशी झालीच नाही, लोक रातोरात गाव सोडून गेले.

या मोहिमेत एक सामान्य दर्जाचा उमराव होता, फर्डिनंड मॅगेलन. पृथ्वीप्रदक्षिणेमुळे आपण त्याला शाळेपासून ओळखतो. हा माणूस १५०५ मध्ये भारतात आलेला, १५०९ मध्ये दीवच्या लढाईत लढलेला, नंतर मलाक्क्यालाही गेलेला. म्हणजे आपल्या पानावरची दोन बंदरं तरी त्याने तलवार हातात घेऊन पाहिली. अझेमूरच्या परिसरातल्या चकमकीत त्याच्या पायात भाला घुसला आणि तो जन्मभर लंगडला. घोडाही मेला, त्याची भरपाई मागत त्याला अर्ज करावे लागले. वर लुटीतली जनावरं शत्रूला विकल्याचा आळ आला. आळ सिद्ध झाला नाही, पण पोर्तुगालचा राजा मानुएल याने वेतनवाढ नाकारली ती नाकारलीच. चिडलेला मॅगेलन १५१७ मध्ये स्पेनला निघून गेला, आणि मसाल्याच्या बेटांकडे पश्चिमेने जाण्याची कल्पना त्याने तिथल्या राजाला विकली. अझेमूरच्या गुरांचा हिशेब नीट लागला असता तर ती पहिली प्रदक्षिणा कदाचित पोर्तुगालच्या नावावर लागली असती.

दुसरा माणूस याच गावचा. १५२० नंतरच्या दोन वर्षांत दुक्कालात भीषण दुष्काळ पडला. धान्यासाठी लोकांनी स्वतःला आणि मुलाबाळांना विकलं. माणसांनी भरलेली जहाजं इबेरियाकडे गेली. अशाच कुठल्या तरी वाटेने गुलाम म्हणून स्पेनला पोचलेल्या अझेमूरच्या एका तरुणाचं नाव इतिहासात एस्तेवानिको असं राहिलं. मोरोक्कोत आता त्याला मुस्तफा अझमूरी म्हणतात. १५२८ मध्ये तो एका स्पॅनिश मोहिमेबरोबर फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरला. काहीशे माणसांतून शेवटी चौघं जिवंत उरले. कधी गुलामगिरीत, कधी वैदू म्हणून मान घेत, आजच्या टेक्सासमधून ते चालत मेक्सिकोत पोचले, १५३६ मध्ये. त्या चौघांतला एक एस्तेवानिको. सोबतीच्या स्पॅनिश उमरावाने लिहिलेल्या वृत्तांतात त्याची ओळख अझेमूरचा रहिवासी म्हणूनच आली आहे. १५३९ मध्ये झुनी या मूळ अमेरिकन लोकांच्या गावाजवळ तो मारला गेला. ब्राउनच्या पानाच्या कितीतरी आधी अझेमूरचा माणूस अमेरिका पायी तुडवून गेला होता. गावात मात्र त्याची खूण शोधायला गेलात तर फार काही हाती लागत नाही.

तटाच्या आत गावाचे तीन भाग आहेत: मदिना म्हणजे जुनी वस्ती, कसबा म्हणजे बालेकिल्ला, आणि मेल्लाह म्हणजे ज्यूंची पेठ. कसब्यात दार अल-बारूद, दारूचं कोठार. त्याच्या पडक्या मनोऱ्याला पोर्तुगीज धाटणीची एक कोरीव खिडकी अजून शाबूत आहे. आत आभाळ, बाहेर आभाळ आणि मध्ये ती चौकट. इथली पोर्तुगीज तटबंदी बांधणारे दिओगो आणि फ्रान्सिस्को दे आरुदा हे भाऊ. त्यातला फ्रान्सिस्को इथून परत जाऊन लिस्बनचा बेलेंचा मनोरा बांधायला लागला. त्या मनोऱ्याच्या कोपऱ्यांवरच्या छोट्या बुरुजांना खरबुजासारखे फाकांचे घुमट आहेत, ते त्याने मोरोक्कोत पाहिलेलेच असणार. लिस्बनला जाणाऱ्या पर्यटकांना तो मनोरा पोर्तुगालचं प्रतीक म्हणून दाखवतात.

तटावरच्या फांजीवरून चालता येतं, तेही कुणाच्या गच्चीतून आणि वाळत घातलेल्या कपड्यांखालून. गंजलेल्या तोफा अजून नदीकडे तोंड करून आहेत. मेल्लाहमधली घरं ओस पडलेली. ज्यू कुटुंबं गेली, पण एका ज्यू संताच्या समाधीला लोक अजून येतात. गावाचा मुख्य संत मौलाय बुशैब, बाराव्या शतकातला. त्याच्या दर्ग्याभोवतीच खरा बाजार, खरी गर्दी, मेणबत्त्या आणि खजूर. पर्यटक तटाकडे जातात, गाव दर्ग्याकडे.

एका दारात भरतकाम करणारी बाई बसली होती. अझेमूरचं भरतकाम वेगळंच. बहुतेक ठिकाणी आकृती टाक्यांनी भरतात आणि पार्श्वभूमी मोकळी सोडतात. इथे उलट. एकाच रंगाच्या, बहुधा गडद लाल किंवा निळ्या धाग्याने पार्श्वभूमी गच्च भरायची आणि आकृती कोऱ्या कापडाची ठेवायची. समोरासमोर तोंड करून उभे दोन पक्षी, मध्ये कुंडी. इटलीतल्या जुन्या भरतकामाशी याचं साम्य आहे, आणि बंदरातून आलेल्या माणसांबरोबर ते आलं असं मानतात. बाईंनी कापड उलटं करून दाखवलं, उलटी बाजूही तितकीच नेटकी. किंमत ऐकून मी फक्त कौतुक केलं.

अझेमूरमध्ये पोर्तुगीज राहिले अठ्ठावीस वर्षं. १५४१ च्या मार्चमध्ये मोरोक्कोतल्या सादी घराण्याच्या फौजेने दक्षिणेला आगादीरचा पोर्तुगीज किल्ला घेतला. डोंगरावरून तोफा डागल्या तर जुन्या पद्धतीचे उंच, पातळ तट टिकत नाहीत हे कळून चुकलं. राजा तिसऱ्या जोआंवने साफी आणि अझेमूर दोन्ही सोडून द्यायचं ठरवलं. अझेमूरला तर नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा होता. भरती पाहून आत यावं लागे, वेळेला मदत पोचायची खात्री नाही. म्हणजे ब्राउनच्या ग्रंथात हे बंदर आलं तेव्हा पोर्तुगीजांनी ते सोडूनही तीस वर्षं उलटली होती, आणि वाचणाऱ्यांना मात्र ते जिंकलेल्या गावांच्या रांगेत उभं दिसत होतं.

सगळी ताकद एका ठिकाणी लावायची ठरली, ते ठिकाण अझेमूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. पोर्तुगीजांचं माझागाऊँ, आजचं एल जदीदा. त्या पानावर ते नाहीच. मोरोक्कोत सर्वात शेवटपर्यंत टिकलेला किल्ला चित्रात नाही आणि सोडलेला आहे!

सामायिक टॅक्सीने आम्ही तिथे गेलो. मोरोक्कोत हिला ग्राँ टॅक्सी म्हणतात. चालकासोबत सहा माणसं भरली की सुटते, आधी सुटायची घाई असेल तर उरलेल्या जागांचे पैसे तुम्ही द्यायचे. वडापचा अनुभव असलेल्याला काही शिकवावं लागत नाही.

एल जदीदाचा कोट पाहताना वसई आठवल्याशिवाय राहत नाही. १५१४ मध्ये आरुदा बंधूंनी इथे छोटी चौकोनी गढी बांधली होती. १५४१ मध्ये बेनेदेत्तो दा रावेन्ना या इटालियन स्थापत्यकाराला बोलावून तिच्याभोवती नवा कोट आखला, बांधकाम जोआंव दे कास्तिल्योच्या हाती. हा कोट उंच नाही. बसका, जाड, बाहेरच्या बाजूने किंचित तिरपा, आणि कोपऱ्यांना बाणाच्या फाळासारखे पुढे आलेले बुरूज. एका बुरुजावरून शेजारच्या बुरुजाची अख्खी बाजू तोफेच्या माऱ्यात येते, तटाच्या पायथ्याशी लपायला शत्रूला कोपराच उरत नाही. इटलीत घडलेली ही रचना युरोपाबाहेर सर्वात आधी जिथे उतरली त्या ठिकाणांत याची गणना होते. भोवती समुद्राच्या पाण्याचा खंदक होता. जमिनीकडचा आता बुजवला आहे, तिथे रस्ता आणि बागा. समुद्राकडे एक दरवाजा आहे, जुना 'समुद्र दरवाजा', कमानीखालून थेट पाण्यात उतरणारा उतार. होडी आत आणायची, माल उतरवायचा. १५६२ मध्ये सादी सुलतानाच्या मोठ्या फौजेने वेढा घातला, सुरुंग लावले, तटावर चढाया केल्या. पण या दारातून माणसं, दारू आणि धान्य येत राहिलं, आणि वेढा उठवावा लागला.

गढीच्या पोटात पाण्याचं टाकं आहे. दगडी जिना उतरलं की डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही. मग मधोमध छतातल्या गोल झरोक्यातून पडणारा उजेड दिसतो, आणि त्या उजेडात एकेक खांब पुढे येतो. पाच ओळी, प्रत्येकीत पाच, काही गोल, काही चौकोनी. प्रत्येक खांबावरून दगडी फासळ्या निघून वर कमानींत मिळतात. जागा साधारण चौतीस मीटर लांब, जवळजवळ तितकीच रुंद. जमिनीवर बोटभर पाणी ठेवलेलं असतं, त्यामुळे खांब दुप्पट उंच वाटतात. हे टाकं मुळात कोठार म्हणून बांधलेलं, नवा कोट झाला तेव्हा ते पाण्यासाठी वापरायला घेतलं. गच्चीवर पडलेला पाऊस पन्हाळींनी आत यायचा. वेढ्यात बाहेरच्या विहिरी शत्रूच्या हातात, त्यामुळे गावाचा जीव यात होता. पोर्तुगीज गेल्यावर ते विस्मरणात गेलं. १९१६ मध्ये एका दुकानदाराने दुकान वाढवायला भिंत फोडली तेव्हा ते पुन्हा सापडलं, असं सांगतात. ऑर्सन वेल्सने 'ऑथेल्लो' चित्रपटातला दंगलीचा प्रसंग इथे चित्रित केला. १९५२ मध्ये त्या चित्रपटाला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तेही मोरोक्कोच्या झेंड्याखाली.

आपल्या डोंगरी किल्ल्यांवर खडकात खोदलेली टाकी असतात, ती पाहिलेल्या माणसाला इथला थाट जरा जास्त वाटतो. पण गरज तीच. किल्ला तटावर लढतो आणि टाक्यावर जगतो.

कोटाच्या आत आजही वस्ती आहे. मुख्य रस्ता, जुनं नाव 'रुआ दा कारेइरा', एका टोकाकडून समुद्र दरवाज्याकडे जातो. चर्च आहे, सिनेगॉग आहे, आणि मशीद आहे. तिचा मिनार पाच बाजूंचा, कारण तो मुळात पोर्तुगीजांचा टेहळणी मनोरा. कणकेच्या गोळ्यांचं तबक डोक्यावर घेऊन एक पोरगा सामायिक भट्टीकडे निघाला होता, त्याच्या मागोमाग गेलं तर भाजक्या पावाच्या वासाने भूक लागलीच. बुरुजावर चढलं की एका बाजूला मासेमारीचं बंदर आणि दुसरीकडे गावातली धाबी, त्यांवर डिशच्या तबकड्या.

चार बुरूज उरले आहेत. पाचवा, मुख्य दरवाज्यावरचा, पोर्तुगीजांनीच उडवला. १७६९ मध्ये सुलतान सिदी मोहम्मद बिन अब्दल्लाह मोठा तोफखाना घेऊन आला. लिस्बनमध्ये कारभार मार्किस ऑफ पोंबालच्या हातात होता. त्याने हिशेब केला, की किल्ला राखायचा खर्च फार, उत्पन्न शून्य. हुकूम आला: गाव रिकामं करा. अडीचशे वर्षं इथे मुळं धरलेल्या सुमारे दोन हजार माणसांना तो हुकूम पचला नाही. त्यांनी सामान फोडलं, घोडे मारले, दरवाज्याखाली सुरुंग पेरले आणि समुद्र दरवाज्यातून होड्यांत बसले. विजयी फौज आत शिरली तेव्हा स्फोट झाला आणि बरीच माणसं मेली.

तीस वर्षं आधी, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली. तिथेही सेंट सेबास्टियन नावाचा बुरूज होता, इथेही आहे. तिथे सुरुंग वेढा घालणाऱ्यांनी लावले, इथे निघून जाणाऱ्यांनी. फरक आणखी एक. मराठ्यांनी वसईला हात घालण्याआधी १७३७ मध्ये साष्टी घेतली, म्हणजे किल्ल्याला पोसणारा मुलूख आधी तोडला. माझागाऊँला असा मुलूख शेवटच्या दोन शतकांत नव्हताच. सगळं समुद्रातून, धान्य अझोर्स बेटांवरून आणि पोर्तुगालहून. डेकवरून पाहिलेल्या चित्रातलं राज्य म्हणतात ते हे. एका खलित्यासरशी ते परत जहाजात बसलं.

लिस्बनला पोचलेल्या या लोकांना तिथेही राहू दिलं नाही. पोंबालने त्यांना अ‍ॅमेझॉनच्या मुखाजवळच्या जंगलात पाठवलं, वसाहत वाढवायला. ब्राझीलच्या आजच्या अमापा राज्यात नोव्हा माझागाऊँ नावाचं गाव वसलं. ताप, पूर आणि ओलसर हवा यांनी निम्मंअर्धं गाव खाल्लं. ज्यांना जमलं ते निघून गेले. मागे उरले त्यांत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज बहुसंख्य. दर जुलैमध्ये तिथे संत तियागोचा उत्सव होतो. मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतले मुसलमान, आणि ख्रिश्चन यांची लढाई घोड्यांवर बसून रस्त्यांतून खेळली जाते, वेढा, हेर, विषाचं जेवण, सगळं काही. मोरोक्कोतल्या गावाचं युद्ध मोरोक्को कधीच न पाहिलेली माणसं अडीच शतकं लढताहेत.

रिकामा कोट पन्नासेक वर्षं पडून होता. लोक त्याला 'महदूमा', मोडलेलं, म्हणत. एकोणिसाव्या शतकात सुलतान अब्दुर्रहमानने पुन्हा वस्ती आणली, जुनं नाव वापरायला मनाई केली आणि 'जदीदा', म्हणजे नवी, हे नाव दिलं. २००४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतली ती ही नवी.

परतीच्या गाडीने आम्ही कासाब्लांकाला उतरलो. पानावरचं दुसरं मोरोक्कन बंदर, अन्फा, पाहायचं राहिलं होतं. अन्फाला पोर्तुगीजांनी १४६८ च्या सुमाराला जाळलं आणि १५१५ मध्ये पुन्हा. तिथे पाहण्यासारखं फार उरलं नाही. त्या जागी आज मोरोक्कोचं सर्वात मोठं शहर आहे, आणि ते पुन्हा उभं करणारा सिदी मोहम्मद बिन अब्दल्लाहच. माझागाऊँ रिकामं झालं त्याच सुमाराला त्याने इथे तट आणि मशीद बांधून काढली. त्याआधी एसावीराचं बंदरही त्यानेच वसवलं होतं. किनारा परदेशी किल्ल्यांकडून सोडवायचा आणि व्यापार स्वतःच्या बंदरांतून करायचा, हा त्याचा हिशेब डेकवरचा नव्हता, जमिनीवरचा होता. अन्फा हे नाव आता टेकडीवरच्या बंगल्यांच्या श्रीमंत वस्तीला उरलं आहे. जानेवारी १९४३ मध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल तिथेच भेटले होते. सुलतानाने बंदराकडे तोंड करून बांधलेल्या तोफांच्या बुरुजात हल्ली उपाहारगृह आहे. तोफा जागेवर, त्यांच्यापुढे बाग, बागेत टेबलं. सकाळी पुदिन्याचा चहा आणि मध लावलेली मसेमन, म्हणजे घडीची पोळी, मिळते.